बिनडागाचा दुधी

"भेंडीला केवडा झालाय," अप्पा परसातून ओरडले.

"मग एवढ्या मोठ्यानं काय सांगताय?" आई स्वयंपाकघराच्या दारात आली. "पाहुणे अकराला येताहेत. वांगी काढा आधी."

"वांगीच काढू ऱ्हायलोय. जरा ये इकडे. पनू, तू पण ये."

आम्ही दोघी चपला घालून मागे गेलो. अप्पा वांग्याच्या ओळीत उभे होते. हातातल्या टोपलीकडे ते असं पाहत होते, जणू ती दुसऱ्याच कुणाची होती.

अप्पांनी आयुष्यभर रेल्वेत इंजिन चालवलं. निवृत्त झाल्यावर भुसावळच्या बाहेर छोटं घर बांधलं आणि घराहून मोठा परस राखला. भरताची हिरवी वांगी लावली, त्यांचं बी बामणोदहून आणलं. जो भेटेल त्याला त्या वांग्यांचं वर्णन ऐकवत. असंच एका लग्नात त्यांनी ते खामगावच्या प्रल्हादराव कोल्ह्यांना ऐकवलं. प्रल्हादराव निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा मुलगा निरंजन नाशिकला इंजिनिअर. अप्पांची मुलगी, म्हणजे मी, पंचवीस वर्षांची, शाळेत विज्ञान शिकवणारी आणि लग्नाची. पुढचं सगळं दोघांनी पंगतीतच ठरवून टाकलं. "पोहे-चहाचा कार्यक्रम नको," प्रल्हादराव म्हणाले होते, "तुमच्या परसातल्या वांग्यांचं भरीत खायला येतो. मुलं एकमेकांना बघतील, आम्ही वांगी बघू."

आणि नेमकी त्याच पंधरवड्यात थंडीत ढगाळ हवा लागली. काकडीच्या पानांवर भुरी, म्हणजे पीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर. भेंडी केवड्यानं पिवळी फटफटीत. टोमॅटोला देठापाशी काळे डाग. वांग्यांच्या सालीवर तपकिरी चट्टे, काहींना किडीची भोकं.

"मंडईतून आणा," आई म्हणाली.

"विकतच्या वांग्यांचं भरीत? शब्द दिलाय मी त्यांना."

"शब्द दिलाय म्हणून रोगट वांगी घालणार त्यांना?"

"अगं, झाडाला सर्दी झाली म्हणून आपल्याला शिंका येत नाहीत."

"आणि आपल्याला जुलाब झाले तर तुमचं झाड येणार का दवाखान्यात न्यायला?"

मग दोघंही माझ्याकडे वळले. घरात एक विज्ञानाची बाई असली की तिला सगळं माहीत असतं असा समज होतो. मला बेडकाची पचनसंस्था पाठ होती, वांग्याच्या चट्ट्यांबद्दल कुठल्याच धड्यात काही नव्हतं. पण दोघांचं भांडण मिटवणं हे माझं जुनं काम. मी म्हटलं, "निवडू या. जे मऊ पडलंय, सडलंय, ज्याला बुरशी धरलीय किंवा वास येतोय ते उकिरड्यावर. जे घट्ट आहे, नुसता वरून डाग आहे, ते ठेवायचं. भरताची साल तर आपण काढतोच."

आम्ही तिघं पायरीवर बसलो. अप्पा एकेक वांगं दाबून बघत, चीर देऊन आत डोकावत आणि रेल्वेच्या आवाजात निकाल देत. "पास. पास. ही बाई फेल, आत पाहुणा आहे." अर्ध्याहून जास्त पास झाली. टोमॅटो मी बघितले. आईची नाराजी हळूहळू ओसरली. शेवटी तीच एक वांगं उचलून म्हणाली, "हे का टाकलं? चांगलं आहे की."

त्या सगळ्या परसात एकच गोष्ट अशी होती की तिच्याकडे बघून कुणीही खूश व्हावं. पाण्याच्या टाकीजवळ दुधीचा एक वेल आपोआप उगवला होता. अप्पांनी तो लावला नव्हता, पाणीही मुद्दाम कधी घातलं नव्हतं. तो कुंपणावर चढला आणि त्याला एकच दुधी धरला. लांब, फिकट हिरवा, तुकतुकीत. त्याच्यावर नखाएवढाही डाग नव्हता.

"हा तोडून आत ठेव," अप्पा म्हणाले. "निदान दाखवायला काहीतरी हवं."

---

पाहुणे त्यांच्या गाडीतून आले. प्रल्हादराव पुढे, पांढऱ्याशुभ्र शर्टात. मागे त्यांची बहीण कुमुदआत्या, आणि गाडीला कुलूप लावून निरंजन. निरंजनची आई तो लहान असतानाच गेली होती. तेव्हापासून कुमुदआत्याच त्या घरात राहून सगळं बघत होत्या.

प्रल्हादरावांचा आवाज मोठा. शाळेच्या मैदानावर भोंग्याशिवाय बोलायची सवय असलेला. "मुलगी मागाहून. आधी वांगी!" म्हणत ते थेट परसाकडे निघाले. अप्पांनी त्यांना ओसरीत बसवायचा प्रयत्न केला, चहाचं नाव काढलं, पंख्याचं नाव काढलं, पण उपयोग झाला नाही.

कुमुदआत्यांची नजर बारीक होती. त्या परसात उतरल्या आणि दोन पावलांत थांबल्या.

"हे भेंडीचं झाड आजारी आहे."

"केवडा झालाय," अप्पा म्हणाले. आवाज बराच खाली आला होता.

"आणि हे टोमॅटो? आणि वांग्यांची पानं अशी का? हीच वांगी आम्हाला जेवायला घालणार तुम्ही?"

अप्पांचे कान लाल झाले. मी दारात ट्रे घेऊन उभी होते. मला वाटलं, झालं, हे स्थळ भेंडीनं मोडलं.

तेवढ्यात निरंजन पुढे झाला. त्यानं एक डागाळलेला टोमॅटो तोडला, खिशातल्या छोट्या चाकूनं देठाकडचा काळा भाग खोलवर कापून काढला, उरलेला बोटांनी दाबून पाहिला आणि सरळ खाल्ला. रस हनुवटीवर ओघळला. "मस्त आहे," तो अप्पांना म्हणाला. "मीठ मिळेल का?"

अप्पांचा चेहरा उजळला. माझाही उजळला असावा, कारण आई माझ्याकडे बघून हसली. खरंच देखणा होता तो. उंच, नीटस, आणि हसला की समोरच्याला आपण काहीतरी चांगलं केलंय असं वाटायचं.

"तुम्ही तरुण लोक काहीही पचवाल," कुमुदआत्या म्हणाल्या. "मी वांगं खाणार नाही."

अप्पा आणि निरंजननं मिळून पऱ्हाटी पेटवली. वाळलेल्या कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला लागली की असा वास सुटतो की शेजारी कुंपणाशी येऊन तब्येतीची चौकशी करतात. निरंजन चटके खात वांगी उलटत होता. मधेच माझ्याशी बोलत होता. शाळेत मुलं त्रास देतात का, नाशिकची द्राक्षं आवडतात का, असं साधंच. मला उत्तरं द्यायला मजा येत होती.

प्रल्हादराव एवढ्यात घरात शिरले होते. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला.

"वा! याला म्हणतात भाजी! एक डाग दाखवा मला याच्यावर!"

---

प्रल्हादरावांना साखरेचा आजार होता. टीव्हीवर रोज सकाळी कुणी ना कुणी योगासनं आणि रस शिकवायचे ते दिवस होते. प्रल्हादराव रोज पहाटे दुधीचा रस पीत. आज प्रवासामुळे राहिला होता. "हाच किसून रस काढून द्या मला," ते आईला म्हणाले. "जेवणाआधी घेतो."

आईनं मला बोलावलं. मी दुधी धुतला, दोन्ही टोकं कापली आणि सवयीनं एक पातळ चकती तोंडात टाकली. आमच्याकडे दुधी आणि काकडी चाखल्याशिवाय चिरत नाहीत.

मी ती तिथल्या तिथे मोरीत थुंकली.

"काय झालं?" निरंजन मीठ न्यायला आत आला होता.

"कडू आहे."

"बघू."

त्यानं एक तुकडा चावला. त्याचा चेहरा असा वाकडा झाला की मला हसू फुटलं. तो मोरीवर वाकला, पुन्हा पुन्हा चूळ भरली. "बाप रे! कारलं बरं याच्यापेक्षा. जीभच बधिर झाली!" आम्ही दोघं हसत होतो. पाठीमागून कुमुदआत्या पाणी प्यायला आल्या आणि आमच्याकडे एकदा बघून माठाकडे गेल्या.

"टाकून देते," मी म्हटलं. "काकांना सांगा, दुसरं काहीतरी करते."

"काय टाकून देते?" प्रल्हादराव दारातच उभे होते.

"काका, दुधी कडू निघाला."

"कडू? मग तर फारच छान. कारलं कडू, मेथी कडू, कडुनिंब कडू. कडू तेवढं औषध! गोड खाऊन तर हा रोग लागला मला."

"कारलं कडूच असतं, काका. दुधी कडू नसतो. नसायला हवा तो कडू झाला तर खाऊ नये म्हणतात. बाधतो."

"बाधतो!" त्यांनी भुवया उंचावल्या. मी एकदम नववीत गेल्यासारखी उभी होते. "तुम्ही विज्ञानाच्या शिक्षिका ना? बाधतो म्हणजे काय होतं? कोणता घटक? सांगा."

मला घटक माहीत नव्हता. "ते नक्की माहीत नाही. पण हा नुसता कडवट नाही, फार कडू आहे. यांनीही चाखलाय. यांना विचारा."

प्रल्हादराव मुलाकडे वळले. "काय रे? फार कडू आहे?"

निरंजनच्या ओठांवर अजून चूळ भरल्याचं पाणी होतं. त्यानं दुधीकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं.

"मला... तसं काही विशेष जाणवलं नाही," तो म्हणाला. "किंचित असेल."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं मिठाची वाटी उचलली आणि तो परसात निघून गेला.

"झालं तर मग," प्रल्हादराव म्हणाले. "सरका. रोज मीच करतो माझा रस." त्यांनी बाह्या वर केल्या, दुधीचा अर्धा भाग किसला, मिक्सरला लावला आणि गाळून मोठा ग्लास भरला. आई मला डोळ्यांनी खुणावत होती की आता गप्प बस. पाहुण्यांशी वाद घालायचा नसतो, आणि मुलीच्या होणाऱ्या सासऱ्याशी तर नाहीच.

"काका, पिऊ नका."

"नाव कडू, गुण गोड!" असं म्हणून त्यांनी ग्लास तोंडाला लावला. एक घोट. चेहरा आक्रसला, पण इतक्या जणांसमोर मागे हटणारा तो माणूस नव्हता. दुसरा घोट. तिसऱ्यासाठी ग्लास उचलला तेव्हा मी पुढे झाले आणि त्यांच्या हातातून तो ओढून घेतला.

त्यांनीही सोडला नाही. क्षणभर आम्ही दोघं एका ग्लासाला धरून उभे होतो. मग तो निसटला आणि सगळा हिरवा रस त्यांच्या पांढऱ्या शर्टावर गेला.

आवाज ऐकून अप्पा धावत आत आले. मागून निरंजन, तोही दारातच थबकला.

"पनू," अप्पा म्हणाले, "माफी माग."

"शर्टाची मागते," मी म्हटलं. "ग्लासाची नाही."

"दादा, चला," कुमुदआत्या म्हणाल्या. "घरी जाऊ या."

प्रल्हादरावांनी रुमालानं शर्ट पुसला. मला वाटलं, आता ते गरजणार. पण ते म्हणाले, "भरीत खाऊन जाऊ. शब्द दिलाय. अन्नावर राग काढणारा मी नाही."

---

पंगत बसली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, पुऱ्या, लाकडी बडगीत कुटलेलं भरीत, वर कांद्याची पात. एरवी त्या भरतावर माणसं गप्पा विसरतात. त्या दिवशी गप्पा आधीच संपल्या होत्या. कुमुदआत्यांनी पुरी आणि दही घेतलं. बाकी सगळ्यांनी भरीत खाल्लं. निरंजननं ताटावरून मान वर केली नाही.

प्रल्हादरावांनी दुसरी भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. कपाळावर घाम आला होता. ते उठले, परसात गेले, आणि ओकायला लागले. नुसती एक उलटी नव्हती. ते पोट धरून पायरीवर बसले, पुन्हा उठले, पुन्हा बसले. चेहरा राखेसारखा झाला.

"मी म्हणत होते!" कुमुदआत्या ओरडल्या. "रोगट वांगी घातली माणसाला! मी एकटीनं नाही खाल्ली, म्हणून मी बघा ठीक आहे!"

आम्ही बाकीचे चौघंही भरीत खाऊन तिथं धडधाकट उभे होतो. पण त्या वेळी हे कुणाच्या डोक्यात येणार! "माझ्या वांग्यांनी घात केला," अप्पा पुटपुटत होते. "मंडईतून आणली असती तर..."

निरंजननं गाडी काढली. प्रल्हादरावांना मागे आडवं केलं. मी ओट्यावरचा उरलेला अर्धा दुधी पिशवीत टाकला आणि गाडीत शिरले.

सरोदे डॉक्टरांचा दवाखाना जवळच होता; अप्पा आणि कुमुदआत्याही मागोमाग चालत पोहोचले. त्या तपासायला लागल्या आणि अप्पांनी कबुलीजबाब सुरू केला. "डॉक्टर, वांग्यांना चट्टे होते. टोमॅटोला करपा होता. भेंडीला केवडा, पण भेंडी आम्ही शिजवली नव्हती. काकडीवर भुरी होती, ती पण..."

"तुम्ही खाल्लीत ती वांगी?"

"मी? हो. चांगली दोन वेळा घेतली."

"मग तुम्हाला काय होतंय?"

अप्पा विचारात पडले. "मला काही होत नाहीये."

मी पिशवी पुढे केली. "डॉक्टर, यांनी याचा रस प्यायलाय. हा कडू होता."

डॉक्टरांचा हात थांबला. "किती प्यायले?"

"दोन घोट. बाकीचा सांडला."

"किती कडू होता? कुणी चाखला होता?"

"मी. कारल्याहून कडू. अजून जिभेवर आहे."

"आणखी कुणी?"

निरंजन खिडकीशी उभा होता. बाहेर लावलेली गाडी नीट लागली आहे की नाही, हे तो बघत होता. मी थोडं थांबले. मग म्हटलं, "मी चाखला होता. तेवढं पुरे ना?"

"पुरे," डॉक्टर म्हणाल्या आणि नर्सला हाक मारली. सलाइन लागलं. रक्तदाब खाली घसरला होता, तो सारखा तपासावा लागला. संध्याकाळकडे जरा सावरल्यावर त्या बाहेर येऊन आमच्यापाशी उभ्या राहिल्या. "रात्रभर इथंच राहू द्या त्यांना. कडू दुधी विषारी असतो. त्याच्यावर उतारा नाही, नुसतं सांभाळावं लागतं. पोटात रक्तस्राव होतो, माणसं दगावतात. पूर्ण ग्लास गेला असता तर मला हे इथं जमलं नसतं."

"आणि वांगी?" कुमुदआत्यांनी विचारलं.

"झाडाचे रोग झाडाला होतात, बाई. केवडा काही माणसाला होत नाही. सडलेलं किंवा बुरशी धरलेलं तेवढं खायचं नाही. बाकी डाग काढून टाकायचा आणि खायचं. आमच्या घरीही तसंच करतो."

अप्पांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मला वाटतं, प्रल्हादराव वाचले याचा आनंद जास्त की वांगी सुटली याचा, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

नंतर बाकावर कुमुदआत्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. बराच वेळ पदराशी चाळा करत होत्या.

"निरंजननं चाखला होता ना?" त्यांनी विचारलं.

मी मानेनंच हो म्हटलं.

"मी पाहिलं त्याला, चूळ भरताना."

"मग तुम्ही का नाही बोललात, आत्या?"

"दादापुढे? मी?" त्या जराशा हसल्या. "पोरगा मी वाढवलाय. लबाड नाही तो. मनानं फार चांगला आहे. दादासमोर मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटते. माझंच बघून शिकला असेल." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "उद्या दादा तुला पसंत करेल. मी ओळखते त्याला. तू घाईनं हो म्हणू नको."

---

कुमुदआत्यांनी ओळखलं ते बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून सुटल्यावर प्रल्हादराव परस्पर खामगावला गेले नाहीत. आमच्या ओसरीवर आले, खुर्चीत टेकले आणि थकलेल्या पण खणखणीत आवाजात जाहीर केलं, "मुलगी पसंत! सासऱ्याचा हात धरणारी सून मिळायला भाग्य लागतं!"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. अप्पा साखर आणायला उठले आणि आठवण होऊन पुन्हा बसले. निरंजन माझ्याकडे बघून हसला. तेच कालचं हसू, आणि तितकंच छान.

"मला थोडे दिवस द्या," मी म्हटलं.

"घ्या, घ्या! विज्ञानाच्या बाई, प्रयोग करून बघा!" ते हसले आणि गेले.

घरात नंतर जे झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. आईनं मुलाचे गुण बोटांवर मोजले. ते खरेच होते. शेवटी मी सांगितलं, "आई, तो दुधी त्यानंही चाखला होता. थुंकला होता. मग वडिलांनी विचारल्यावर म्हणाला, काही जाणवलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही गप्प."

"एवढ्याशावरून?" आई म्हणाली. "वडिलांना घाबरतो, एवढंच ना? धाक असलेला मुलगा मिळत नाही आजकाल."

अप्पा इतका वेळ वर्तमानपत्राआड होते. त्यांनी ते खाली ठेवलं.

"इंजिनवर सिग्नल दोघांनी म्हणायचा असतो," ते म्हणाले. "ड्रायव्हरनं आणि असिस्टंटनं. मोठ्यानं. मला हिरवा वाटला आणि पोराला लाल दिसला, तर त्यानं माझ्यावर ओरडायचं. मी कितीही सिनिअर असलो तरी. मागे अख्खी गाडी असते." ते आईकडे वळले. "एवढंसं नाही ते."

मग फोन करायचा प्रश्न आला. तो मोबाईल घरोघरी पोहोचायच्या आधीचा काळ. आमच्या बैठकीत कोपऱ्यात फोन होता. अप्पा त्याच्यासमोर येरझारा घालू लागले. त्यांना आयुष्यात कुणाला नाही म्हणायला जमलं नव्हतं. दारावर आलेल्या चादरीवाल्यालासुद्धा ते "उद्या ये" सांगत आणि तो उद्या येई. आमच्याकडे म्हणून इतक्या चादरी होत्या.

"'योग नाही' म्हणू का?" त्यांनी विचारलं. "की 'पत्रिका जुळत नाही' म्हणू?"

"तुम्हाला वाटेल ते म्हणा, अप्पा."

त्यांनी नंबर फिरवला. शर्टाचं वरचं बटण लावलं, जणू प्रल्हादराव त्यांना बघू शकत होते.

"नमस्कार. भुसावळहून बोलतोय. तब्येत कशी आहे?... हो, हो. बरं वाटलं ऐकून. ते आपल्या विषयाचं..." अप्पा थांबले. मी डोळे मिटून घेतले. "आमच्याकडून नाही आहे, सर."

प्रल्हादरावांचा आवाज मी बसले होते त्या पलंगापर्यंत ऐकू आला. "नाही म्हणजे? का? काय कमी आहे माझ्या मुलात?"

"कमी काही नाही. चांगला आहे मुलगा." अप्पांनी घाम पुसला. "मुलीची इच्छा नाही."

"कारण काय ते सांगा! कारण असल्याशिवाय कुणी नाही म्हणतं का? माझ्या तोंडून ग्लास काढणारी मुलगी माझ्याच घरात यायला नाही म्हणते, तर मला कारण कळलं पाहिजे!"

अप्पा माझ्याकडे बघू लागले. सांगू का, असं विचारत होते. मी मानेनं नको म्हटलं. ते काही मी सांगायचं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडे मागे कुणीतरी बोललं. अप्पांनी रिसीव्हर कानापासून जरा दूर धरला आणि मला जवळ बोलावलं. मी जाऊन कान लावला.

"बाबा, मला विचारा कारण." निरंजन होता. वडिलांसाठी तो खामगावलाच थांबला असावा. "मीही चाखला होता तो दुधी. फार कडू होता. मी थुंकला. आणि तुम्हाला सांगितलं, काही जाणवलं नाही."

"काय म्हणतोस तू?"

"तुम्ही विचारलंत आणि मला बोलता आलं नाही. कधीच येत नाही, बाबा."

मग कुमुदआत्यांचा आवाज आला. "मलाही माहीत होतं, दादा. मीही गप्प बसले." आणि मग तिघंही एकदम बोलायला लागले. प्रल्हादराव गरजत होते. पण या वेळी कुणी थांबत नव्हतं, निरंजन नाही आणि आत्याही नाहीत. फोन सुरू आहे हे कुणाच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

अप्पांनी रिसीव्हरवर तळहात ठेवला आणि हळूच विचारलं, "बदलायचं का उत्तर?"

खरं सांगायचं तर क्षणभर बदलावंसं वाटलं. पण त्यानं ते माझ्यासाठी म्हटलेलं नव्हतं. माझं उत्तर त्याच्यापर्यंत आधीच पोहोचलं होतं, त्यानंतर तो बोलला होता. मी मान हलवून नाही म्हटलं. पुढे माझं लग्न अकोल्याला झालं. निरंजनचं नाशिकला झालं, हे कुमुदआत्यांकडून कळलं. त्या अजूनही दिवाळीला फोन करतात.

फोनमध्ये तिघांचं भांडण रंगात आलं होतं. मला आणखी ऐकायचं होतं. पण अप्पांनी रिसीव्हर माझ्या कानापासून दूर केला.

"चल," ते म्हणाले. "त्यांच्या घरचं बोलणं आहे. आपण कशाला ऐकायचं?"

आणि त्यांनी तो आवाज न करता खाली ठेवला.